४के ब्लू-रे खान्देशात रुजेल का? स्टुडिओवाल्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न चाळीसगावचा आहे. विचारणाऱ्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि जोडीला टीव्हीचं दुकान. घरोघरी ४३ आणि ५५ इंची ४के टीव्ही आलेत, तेव्हा आता ४के ब्लू-रे (४के सिनेमाच्या डिस्कचे) प्लेअर दुकानात ठेवावेत का, आणि डिस्क लिहिणारा रायटर घेऊन लग्नाचे सिनेमे त्या डिस्कवर द्यावेत का, असं त्यांनी विचारलंय. लोक हा फॉरमॅट उचलतील का?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरगुती गिऱ्हाइकापुरतं उत्तर सरळ आहे: नाही उचलणार. प्लेअरचा साठा करू नका. रायटर घ्यायचाच तर स्टुडिओच्या स्वतःच्या साठवणीसाठी घ्या, पार्टीला, म्हणजे लग्नाच्या गिऱ्हाइकाला, द्यायला नको. चित्राच्या दर्जाबद्दल ४के डिस्कला तोड नाही हे मान्य करूनच हे सांगतोय. १०० जीबीच्या डिस्कवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत डेटा वाचता येतो. नेटफ्लिक्स ४के साठी जोडणीचा वेग मागते १५ मेगाबिट. अंधारातली दृश्यं, धूर, पाण्याचे तुषार यांत हा फरक दिसतो. पण घरगुती व्हिडिओत फॉरमॅट दर्जावर जिंकल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि आपल्या भागात तर जवळजवळ नाहीतच.

सोनीचा बीटामॅक्स १९७५ चा, जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ चा. बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस मानलं जायचं, पण सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा. व्हीएचएसवर दोन तास मावत. सिनेमा एका कॅसेटवर बसतो की नाही, एवढ्या साध्या गोष्टीने बराच निकाल लागला. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे बघायची पद्धत पडली, आणि तीन तासांची ई-१८० कॅसेट हिंदी सिनेमाला मापात बसली.

आपल्या बाजाराची नस मात्र व्हीसीडीत सापडते. हा फॉरमॅट १९९३ चा. चित्र ३५२ बाय २८८, बिटरेट (डेटाचा वेग) सेकंदाला ११५० किलोबिट, एका डिस्कवर ७४ मिनिटं. तीन तासांच्या सिनेमाला तीन डिस्क लागायच्या, मध्येच उठून डिस्क बदलावी लागायची, आणि अंधाराच्या दृश्यात चौकोनच चौकोन दिसायचे. कागदावर हा फॉरमॅट पडायलाच हवा होता. अमेरिकेत तो कधी धरलाच नाही. इथे मात्र खेड्यापाड्यात पोचला, आणि त्याची कारणं नीट बघितली तर आजच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

डिस्कवर कुलूप नव्हतं. कॉम्प्युटरच्या साध्या सीडी ड्राइव्हवर ती चालायची आणि साध्या सीडी रायटरवर बनायची. प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घरातल्याच टीव्हीला लागायचा. लेन्स गेली तर केएसएस-२१३ सारखा पिकअप (लेन्स आणि लेसरचा भाग) कुठल्याही रिपेअरिंगच्या टेबलावर मिळायचा आणि अर्ध्या तासात बसायचा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुंबईच्या कंपनीची वाट न बघता इथला माणूस त्यावर स्वतःचा माल काढू शकत होता. अहिराणी गाणी, कीर्तनं, शेजारच्या मालेगावची स्थानिक कॉमेडी, लग्नाचं शूटिंग, सगळं त्यावर आलं. आठवडी बाजारात आणि यात्रेत गाडीवर व्हीसीडी विकली जायची ती यामुळे. मोठ्या कंपन्यांचा सिनेमा त्या गाडीवर होताच, पण बाजूला स्वतःच्या बोलीतलं गाणं होतं, आणि प्लेअर घ्यायचं ते एक भक्कम कारण होतं.

डीव्हीडी आली तेव्हा ती चालली, कारण तिचा प्लेअर जुन्या व्हीसीडी खात होता. घरातला साठा फुकट गेला नाही. मग २००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, आणि दोघांतला किमतीचा अडथळा संपला. पुढे डीव्हीडी प्लेअरच्या पुढच्या बाजूला यूएसबीचं भोक आलं, आणि तिथून डिस्कची उतरण सुरू झाली. पेन ड्राइव्हमध्ये शंभर गाणी मावतात हे कळल्यावर प्लेअरचा ट्रे उघडायचं कारण उरलं नाही. मग यूएसबी थेट टीव्हीतच आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर अहिराणी गाण्याची पहिली जागा यूट्यूब झाली.

साधी ब्लू-रे या सगळ्याच्या मधल्या काळात आली. २००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी समोरासमोर उभे राहिले, जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि फेब्रुवारीत तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडून दिली. त्या लढाईत सोनीच्या प्लेस्टेशन ३ चा मोठा हात होता: लोक गेमसाठी डबा घेत होते आणि ब्लू-रे प्लेअर आपसूक घरात येत होता. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा. नवा फॉरमॅट घरात शिरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कशाच्या तरी पाठीवर बसून. आपल्याकडे ती पाठ मिळालीच नाही. शिवाय बरेच ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतात पण व्हीसीडी वाचतीलच असं नाही, म्हणजे कपाटातली लग्नाची व्हीसीडी आणि नवा प्लेअर यांची गाठ पडत नाही.

४के ब्लू-रे २०१६ ची. तेव्हापासून प्लेअर बनवणारे वाढण्याऐवजी घटत गेले. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बंद केले, सॅमसंगने २०१९ मध्ये नवे मॉडेल न काढण्याचं ठरवलं, २०२४ च्या अखेरीस एलजीनेही हात आखडता घेतला. कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. इतरांच्या कोऱ्या डिस्क अजून मिळतात. जगभरात या फॉरमॅटचा गिऱ्हाईक आता संग्राहक आहे, सर्वसाधारण घर नाही.

आता टीव्हीकडे या, कारण दुकानात गिऱ्हाइकाला हेच समजावून सांगावं लागतं. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटीमीटर. त्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. निकोप डोळ्याला तो ठिपका वेगळा दिसायचा थांबतो सुमारे पावणेसहा फुटांवर. ५५ इंचीला हे अंतर सव्वासात फूट. आपल्या घरांत टीव्ही एका भिंतीला आणि दिवाण समोरच्या भिंतीला, मधे दहा-बारा फूट. तिथून फुल एचडी आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक डोळ्यालाच पकडता येत नाही. एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि रंगांच्या पल्ल्याचा, फरक लांबूनही दिसतो, पण त्याला टीव्हीचा पडदा तेवढा उजळ लागतो. स्वस्त ४के टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतात, मात्र तो उजेड त्यांच्यात नसतो. परिणामी एचडीआर सिनेमा त्यांच्यावर साध्यापेक्षा काळपट दिसतो, आणि तक्रार येते तुमच्या दुकानात.

जोडणीतही अडतं. ४के प्लेअरला टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) लागतं. काही टीव्हींत ते सगळ्या पोर्टवर नसतं, म्हणून चुकीच्या पोर्टला लावलं की पडदा काळा राहतो किंवा चित्र १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर, उतरतं. पोर्ट बरोबर असला तरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटसाठी एचडीएमआयचा वाढीव सिग्नल चालू करावा लागतो. अनेक टीव्हींत तो मुळात बंद असतो. केबल १८ गिगाबिटची हवी, नाहीतर चित्र मधूनच जातं-येतं. त्यात नव्या डिस्कसाठी कधीकधी प्लेअरला इंटरनेटवरून फर्मवेअर (आतलं नवं सॉफ्टवेअर) घ्यावं लागतं. जिथे इंटरनेट आहे तिथे माणूस डिस्क कशाला घेईल?

दुरुस्तीचं तर विचारूच नका. सीडीच्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५०, ब्लू-रेची ४०५. ब्लू-रेत डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो. सीडीत तो १.२ मिलिमीटर खाली. त्यामुळे लेन्सवरची धूळ आणि डिस्कवरचा डाग यांना सहनशक्ती कमी. कापूस, जिनिंग, उन्हाळ्यातली माती यांच्या आपल्या मुलखात हे महत्त्वाचं आहे. आणि पिकअप गेला तर तो भुसावळ-जळगावच्या बाजारात केएसएस-२१३ सारखा हातोहात मिळणार नाही.

मग विकायचं कोणाला? जळगावात एखाद्या डॉक्टरने किंवा बिल्डरने प्रोजेक्टरची खोली केली असेल, १०० इंची पडदा असेल, तर त्याला डिस्कचा फायदा खरोखर दिसेल. त्याच्यासाठी ऑर्डरवर मागवून द्या. ४के डिस्कला रीजनचं बंधन नाही, बाहेरची डिस्कही चालते. साध्या ब्लू-रेला आहे, आपला रीजन सी. डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल तर वेगळा प्लेअर घेऊच देऊ नका, दोन्ही ४के डिस्क चालवतात. माझं उत्तर बदलायचं असेल तर असंच काहीतरी व्हायला हवं: लोक जे एरवीही घेणार आहेत त्याच्या आत प्लेअर आला पाहिजे, इथल्या माणसाला त्या डिस्कवर स्वतःचा माल सहज काढता आला पाहिजे, आणि कोरी डिस्क पेन ड्राइव्हपेक्षा ठळकपणे स्वस्त पडली पाहिजे. तिन्हींतलं एकही आज दिसत नाही.

आता लग्नाच्या डिलिव्हरीकडे वळू, कारण तुमचं पोट त्यावर आहे.

ब्लू-रेवर लग्न द्यायचं ठरवलंत तर पहिली ठेच फ्रेमरेटची लागते. आपण सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमला शूट करतो. साध्या ब्लू-रेच्या मानकात १०८० ला २४ प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम) किंवा ५० इंटरलेस (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम) आहे. २५ आणि ५० प्रोग्रेसिव्ह नाही. २५ चं शूटिंग ५० इंटरलेस म्हणून बांधावं लागतं, आणि ऑथरिंगमध्ये (डिस्क बांधताना) फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या फ्रेमचा, क्रम उलटा पडला की वरातीतला नाच थरथरतो. ४के ब्लू-रेत २५ आणि ५० दोन्ही आहेत, पण ती रचना कोऱ्या डिस्कवर लिहून दिली तर प्रत्येक प्लेअर ती घेतोच असं नाही. त्यात २५ जीबीच्या डिस्कवर ५० मेगाबिटने जेमतेम ६७ मिनिटं बसतात. तीन तासांच्या लग्नाला तीन डिस्क! व्हीसीडीची तीच अडचण पुन्हा, आणि तीही ज्याच्याकडे प्लेअर नाही अशा पार्टीसाठी.

पेन ड्राइव्ह द्या, पण नीट तयार करून द्या. टीव्हीवर चालत नाही म्हणून परत येणारे बहुतेक पेन ड्राइव्ह तीन कारणांनी येतात.

पहिलं कारण फॉरमॅटिंग, म्हणजे ड्राइव्हवर फाइल मांडायची पद्धत. फॅट३२ सगळे टीव्ही वाचतात, पण त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. १२ मेगाबिटच्या फुल एचडी फाइलला ही मर्यादा साधारण ४७ मिनिटांवर लागते. एक्सफॅटमध्ये मर्यादा नाही, मात्र जुने टीव्ही ते ओळखत नाहीत. म्हणून सिनेमा प्रसंगाप्रमाणे तोडा: साखरपुडा, हळद, वरात, लग्न, पाठवणी. प्रत्येक फाइल ४० मिनिटांच्या आत ठेवून फॅट३२ वर द्या. पाहणाऱ्यालाही हेच सोयीचं पडतं, आजीला हळदच बघायची असते. फाइलची नावं रोमन अक्षरांत ठेवा आणि नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे दोन अंकी इंग्रजी आकडेच टाका. बऱ्याच टीव्हींवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात, आणि एक अंकी आकडा दिला तर दहावी फाइल दुसरीच्या आधी लागते.

दुसरं कारण कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत. कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवून) शूट करतो, आणि एक्सपोर्ट करताना तेच राहून जातं. कॉम्प्युटरवर फाइल उत्तम चालते, टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र येत नाही. टीव्हीसाठी फुल एचडीची प्रत एमपी४, एच.२६४ हाय प्रोफाइल, ८ बिट ४:२:० अशीच काढा. २५ फ्रेमला लेव्हल ४.१, ५० फ्रेमला ४.२, बिटरेट १२ मेगाबिट. आवाज एएसी स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट. ज्या पार्टीकडे चांगला ४के टीव्ही आहे तिला दुसरी प्रत एचईव्हीसी मेन १० मध्ये द्या, २५ मेगाबिट. तीन तासांना सुमारे ३४ जीबी लागतात. ही प्रत मोठी असल्याने वेगळ्या, एक्सफॅट केलेल्या ड्राइव्हवर द्या. लग्न एचडीआरमध्ये देऊ नका. लॉगमध्ये (फिक्या, सपाट रंगांत) शूट केलं असेल तर रेक. ७०९ मध्ये, म्हणजे साध्या टीव्हीच्या रंगांत, ग्रेडिंग करूनच द्या, नाहीतर हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा दोन्ही राखाडी पडतात.

तिसरं कारण खुद्द पेन ड्राइव्ह. बाजारात १२८ जीबी छापलेला आणि आत १६ जीबी असलेला माल सर्रास असतो. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि मागच्या फाइल उघडत नाहीत. घाऊक माल आला की प्रत्येक नग एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून पडताळा. लग्नसराईत वेळ नसतो हे खरं, म्हणून हे काम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच उरका.

सुरत-उधन्याला, पुण्याला, मुंबईला असलेल्या नातेवाइकांसाठी लिंक लागतेच. खान्देशातलं अर्धं लग्न सुरतेत बघितलं जातं, तिथे डिस्क पाठवून उपयोग नाही. यूट्यूबवर अनलिस्टेड टाकत असाल तर सिनेमाच्या गाण्यांवर हक्काचा दावा लागून व्हिडिओ अडतो किंवा मुका होतो. डिलिव्हरीच्या चार दिवस आधी अपलोड करून हे तपासून घ्या. आणि अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे. लिंक ज्याच्या हाती जाईल तो बघू शकतो. घरातल्या मुलीबाळींचं चित्रण आहे, पार्टीला आधी विचारा. मला हा मुद्दा बिटरेटपेक्षा मोठा वाटतो.

पेन ड्राइव्ह ही साठवण नाही, हेही पार्टीला स्पष्ट सांगा. त्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, आणि वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो ओसरतो. उष्णतेत हे लवकर होतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याच्या छताखालच्या लोखंडी कपाटात त्याहून जास्त. घरी आल्यावर लगेच कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर दुसरी प्रत करायला सांगा.

ब्लू-रे रायटरचा खरा उपयोग तुमच्या स्वतःच्या कपाटासाठी आहे. तयार सिनेमाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक स्टुडिओबाहेर, आणि तिसरी प्रत बीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रेवर) डेटा म्हणून. डिस्क घेताना एचटीएल प्रकारची घ्या. एलटीएच प्रकारात सेंद्रिय रंग असतो, तो सीडी-आर आणि डीव्हीडी-आरसारखाच ऊन आणि उष्णतेने खराब होतो. लिहिताना वेग ४ एक्स ठेवा, लिहून झाल्यावर पडताळणी करा, डिस्क उभी आणि डबीतच ठेवा. हार्ड डिस्क दर सहा महिन्यांनी जोडून चालवून बघा. कच्चं फुटेज किती दिवस ठेवणार हे बिलावरच छापा, म्हणजे पाच वर्षांनी कोणी मागायला आलं तर वाद होत नाही.

नव्या फॉरमॅटपेक्षा जुन्यात तुम्हाला जास्त काम आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नांच्या व्हीएचएस घरोघरी पडून आहेत, आणि नवे व्हीसीआर २०१६ पासून कुठेच बनत नाहीत. चालू स्थितीतला व्हीसीआर मिळाला तर घेऊन ठेवा. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती चांगल्या मशीनमध्ये टाकू नका, हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटवर पसरते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, शॅमॉय चामड्याच्या तुकड्याने पुसा. हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवायचा, तुकडा स्थिर धरायचा. कापसाची काडी वापरू नका, तिचे तंतू हेडच्या टोकात अडकतात.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना ७२० बाय ५७६, २५ फ्रेम इंटरलेस ठेवा आणि नंतर डीइंटरलेस करून ५० प्रोग्रेसिव्ह काढा. क्यूटीजीएमसी हे सॉफ्टवेअर फिल्टर त्यासाठी चांगलं आहे. स्वस्त यूएसबी कॅप्चर डोंगल कच्च्या सिग्नलवर फ्रेम गाळतात, आणि तासाभराने मंगलाष्टकं एकीकडे आणि ओठ दुसरीकडे असं होतं. मधे टाइमबेस करेक्टर (सिग्नल स्थिर करणारं यंत्र) असला तर प्रश्नच मिटतो. तो नसेल तर काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल पुढे नेला तरी बराच स्थिर होतो. चित्र ४:३ आहे, ते ताणून १६:९ करू नका. नवरा-नवरी आडवे फुगलेले दिसतात. खालच्या काठावर हेड बदलताना पडणारी आठ-दहा ओळींची खरखर काळ्या पट्टीने झाका. दर मात्र तासावर लावा, कॅसेटवर नको. ई-१८० पूर्ण भरलेली असेल तर ती तीन तास मशीन अडवून धरते, आणि हे काम घाईने उरकता येत नाही.